परतीची गावं

मुआर, मलेशिया
मंसिर ९

सिरी दाजू,

कॅसेट पोहोचली. तू पाठवली नाहीस ते मला कळतं, पाकिटावर अक्षर आमाचं आहे. गुंद्रुकच्या आंबवलेल्या पाल्याच्या पुडीत खुपसून पाठवली तुझ्या आईनं, त्यामुळे आमच्या अख्ख्या खोलीला आंबट वास सुटलाय. माझ्या खालच्या बाकड्यावर रुदल चौधरी झोपतो, तराईतल्या इनरुवाकडचा थारू. तो म्हणाला, "तुझा बँड नासला वाटतं." वॉकमन त्याचा आहे, म्हणून ऐकून घ्यावं लागतं.

रविवारी आम्ही एकेक कान वाटून घेतला आणि तुझा तो दुसरा अल्बम, 'उकालो', लावला. तुझा म्हणतो, आपला म्हणायला आता जीभ अडखळते. पहिली दोन गाणी झाली तेव्हा रुदल म्हणाला, "तुमच्या पहिल्या कॅसेटमध्ये बरी गाणी होती, मायाप्रेमाची. आमच्या गावच्या बसमध्ये लागायची. हे काय, कुणी भांडी घासतंय?" मी म्हटलं, गप बस. मग तिसरं लागलं. ठुलबाचा आवाज, आणि माझी थाळी.

खोटं कशाला लिहू. अंगावर काटा आला. माझा सख्खा काका, पण त्याचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मेलेल्या म्हातारीला घेऊन तो वर पितरांकडं चाललाय, एकेक गाव, एकेक खिंड नाव घेऊन मागे टाकत, आणि तुझी गिटार खालून दरीतल्या धुक्यासारखी चढत येते. मग ऐन चढावर थाळी थांबते. खट्. पुढं काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की रुदलनं वॉकमन मांडीवर आपटला.

"बॅटरी गेली."

"नाही गेली. गाणं तसंच आहे."

"तसंच म्हणजे? थाळी वाजवणारा मेला काय?"

"वाजवणारा मी आहे, रुदल."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग कॅसेटचं कव्हर उलटसुलट केलं. "इथं तर लिहिलंय, थाळी – गावकरी."

हे तू केलंस, दाजू. शाळेत तिसरी घंटा झाली की मागच्या भिंतीवरून उड्या मारायचो आपण दोघं, त्यावरून बँडचं नाव 'तेस्रो घंटी' पडलं, आणि मी गावकरी? पळपुटा म्हणून माझं नाव गाळलंस हे समजू शकतो. पण पळालो नाही मी. स्टुडिओची तारीख तुझी होती, विमानाची तारीख दलालाची. दलाल कुणाचं गाणं संपायची वाट बघत नाही.

असो. मी इथं पलंगांचे पाय घासतो. कुठल्या कुठल्या देशात जातात पलंग. मशीन चालू असताना पायानं ठेका धरतो तर मुकादम ओरडतो, त्याला वाटतं मला मुतायला जायचंय.

ते थांबणं मात्र जबरदस्त आहे. पहिल्या कॅसेटमध्ये आपण पोरं होतो.

आमाचा दमा कसा आहे?

काइला


मुआर
पुस १७

सिरी दाजू,

तुझं पत्र नाही, आमाचं आलं. सोबत काठमांडूच्या मासिकाचं कात्रण. तिनं अधोरेखित करून पाठवलंय, कुठं काय कळलं नाही तिथं प्रश्नचिन्ह काढलंय. त्या बाबानं लिहिलंय की पूर्वेकडच्या पोरांनी नेपाळी रॉकला अनोळखी वाट दाखवली, आणि तिसऱ्या गाण्याचं अर्ध्यात तुटणं हे धाडस आहे. मी ते रुदलला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग मी वॉकमन आपटला ते काय होतं?"

आपल्या धरानच्या कार्यक्रमाचंही आमानं लिहिलंय. ती पुढच्या रांगेत होती म्हणे, नवी शाल पांघरून. तिसरं गाणं तुटलं, आणि तिच्या शेजारचा म्हातारा लाहुरे, गोरखा पलटणीतला, छातीवर बिल्ले लावलेला, तो उभा राहिला.

"ए बाबू, पुढं?"

तू माईकवरून म्हणालास, "पुढं काही नाही, बाजे. गाणं संपलं."

"संपलं कसं? माणूस वरच आहे अजून!"

पोरं हसली. आमा लिहिते, मला हसू आलं नाही. म्हातारा निघाला, त्याच्यामागून त्याची बायको, मग एकेक करून सगळी पिकली डोकी. मग मागून पोरं पहिल्या कॅसेटमधलं गाणं मागू लागली आणि तू वाजवलं नाहीस, मग एक बूट आला. आमानं बुटाचा रंगसुद्धा लिहिलाय. तपकिरी. आता दुकानदार कॅसेटी परत आणून देतात आणि त्या तुझ्या पलंगाखाली रचल्यात.

मनाला लावून घेऊ नकोस. बूट फेकायलाही माणूस आधी ऐकतो. म्हाताऱ्यांचं म्हणशील, तर त्यांना गिटारच मुळात कुत्रं विव्हळल्यासारखी वाटते. मी तिथं असतो तर तो बूट परत फेकला असता, नेम धरून.

ते सोड. मला नवा ढोलकी-ड्रमवाला कसा आहे ते सांग. आमा लिहिते, चांगला आहे पण जेवत नाही. हे काही उत्तर झालं?

काइला


मुआर
फागुन ४

दाजू,

हे पत्र हसण्यावारी नेऊ नकोस. आधीची नेलीस तशी.

वरून, डोंगरातल्या आठराईतून, माझ्या सुकदिदीचं पत्र आलंय. ती ठुलबाच्या शेजारीच नांदते, तिला सगळं दिसतं. ती लिहिते की ठुलबाला आता कुणी बोलवत नाही.

झालं असं. बसंतपूरच्या बाजारात बस थांबते ना, तिथल्या चहावाल्यानं आपली कॅसेट लावली. कौतुकानंच लावली, आपल्या गावचा फेदांगमा, आपला पुजारी, कॅसेटमध्ये आला म्हणून. लोकांनी ऐकलं. ठुलबा वर गेला, आणि खट्. चहावाल्यानं पुन्हा लावलं. पुन्हा गेला, पुन्हा खट्. दिवसभर. हाटाला आलेल्या बाया ऐकून घरी गेल्या आणि म्हणाल्या, आपला म्हातारा रोज वर जातो आणि एकदाही खाली येत नाही.

तुला कळतंय ना मी काय म्हणतोय? आपण लिंबू जमातीचे ना? मला तरी कुठं कळलं होतं. आपण शहरात वाढलो, मेलेल्याला वाट दाखवतात एवढंच ठाऊक. पण दाखवणाराही सोबत जातो. आवाजानं जातो. पितरांच्या गावाच्या वेशीवर मेलेल्याला सोडतो आणि तीच गावं उलटी घेत, तीच खिंड, तीच नदी, स्वतःला घरी आणतो. आपण टेप केलं त्या दिवशी ठुलबानं तेही गायलं होतं. तू यंत्राची बटणं बघत होतास, मी थाळी वाजवत होतो, त्याचं मनगट सुजलं होतं म्हणून. जातानापेक्षा येताना जास्त वेळ लागला होता. तुझ्या यंत्राकडं बोट दाखवून तो आधीच म्हणाला होता, "ह्याला सांग, नेलंस तर आण." आपण दोघं हसलो होतो. यंत्राला काय सांगायचं म्हणून.

परवा सुकदिदीच्या आळीतला एक जण गेला. त्याच्या पोरांनी तमोर नदीपलीकडून दुसरा फेदांगमा आणला. ठुलबाच्या दारावरून नेलं त्याला. सुकदिदीनं पोरांना गाठलं. "अरे, इतकी वर्षं कुणी नेलं तुमच्या माणसांना?"

धाकटा म्हणाला, "दिदी, राग मानू नको. जो स्वतःच वाटेत अडकलाय त्याच्या हातात बापाला कसा देऊ?"

ठुलबा आधी हसायचा म्हणे. "टेपातला मी वेगळा, हा मी इथं जाँड पितोय." आता हसत नाही. पाय दुखतात म्हणतो. कुठं गेला नाही, आला नाही, अंगणातून उठला नाही, तरी पोटऱ्या धरून बसतो. दिदी तेल लावते.

तू एवढं कर. बाकीची टेप काढ. पूर्ण गाणं, येतानासकट, एका कॅसेटवर उतरव आणि बसंतपूरच्या त्या चहावाल्याला नेऊन दे. जितक्यांदा तो गेला तितक्यांदा त्याला येऊ दे. काठमांडूच्या त्या मासिकवाल्याला कळवायची गरज नाही.

तुमच्या घराखालच्या फोनच्या दुकानात मी दोनदा फोन केला. दुकानदार म्हणाला, सिरी घरी नाही. मागं तुझा खोकला ऐकू आला मला. तू नेहमी तीनदा खोकतोस.

काइला


मुआर
चैत २

दाजू,

एक ओळीचं का असेना, लिहिलंस. "त्या टेपवर आम्ही चौथं गाणं घेतलं, टेप एकच होती."

म्हणजे पुसलं. ठुलबाच्या परतीवर तुझी गिटार वाजतेय. मी ते चौथं गाणं काढून पुन्हा ऐकलं. अगदी सुरुवातीला, गिटार यायच्या आधी, थाळीचा एक ठोका राहून गेलाय. एकच. ऐक नीट.

मी रागावून चार पानं लिहिली होती, ती पाठवत नाही. रुदलनं विचारलं, "मग त्या म्हाताऱ्यानं घरी बसून फक्त परतीचं गायलं तर?" मी दिदीला तेच विचारलं होतं. तिनं ठुलबाला विचारलं. तो तिच्यावर खेकसला. "गेल्याशिवाय यायचं कुठून, बाई? आणि मेलेलं माणूस सोबत नसताना त्या वाटेला कोण जातं? फिरायला जातात का तिथं?"

बघ, कसं अडलंय. परत यायला त्याला आधी जावं लागेल. जायला कुणीतरी आपला माणूस त्याच्या हातात द्यायला हवा. आणि तो परत आलेला नाही म्हणून कुणी देत नाही.

आता मी जे लिहिणार आहे ते वाचून तू कागद फाडशील. फाड, पण शेवटपर्यंत वाच.

आमाचं मला कळलंय. मागच्या पत्रात तिचं अक्षर ओळीवरून खाली घसरत होतं, आणि तिनंच लिहिलंय की डॉक्टरनं घरी न्या म्हटलं. दोन फुप्फुसांपैकी एक नुसतं सोबतीला आहे, असं लिहिलंय तिनं. माझ्या डोळ्यांसमोर ती तुमच्या चुलीपाशी उकिडवी बसून डुकराचं मटण कापतेय, आणि आपण दोघं चोरून तुकडे उचलतोय, आणि ती सुरी न उचलता म्हणतेय, "काइला, बोट राहू दे, तबला वाजवायला लागेल." तिला ढोल आणि तबला यातला फरक कधी कळला नाही.

आमा गेली, तर ठुलबाला बोलाव.

तुझे काका धरानातलाच कुणीतरी फेदांगमा बोलावतील, चांगला, पूर्ण, घड्याळ घातलेला. त्याला बोलावू नकोस. माझ्या अडकलेल्या म्हाताऱ्याला बोलाव. तू ज्याला अर्ध्यात सोडलंस त्याच्या हातात तुझी आई दे. दुसरं कुणीच देणार नाही, दाजू. का द्यावं त्यांनी? त्यांनी काय केलंय?

तो तिला नीट पोहोचवेल की नाही, हे मला माहीत नाही. मी वचन देऊ शकत नाही. हा सगळा धोका आमाचा आहे आणि तो मी इथं बसून मागतोय, दरियापलीकडून, पलंगांचे पाय घासत. मला लाज वाटते. तरी मागतो.

काइला


मुआर
असार २१

सिरी दाजू,

तुझं पत्र मी कारखान्याच्या फाटकापाशी उभ्यानं वाचलं. मग भुसा टाकतात तिथं जाऊन बसलो आणि परत वाचलं. एवढी पानं तू शाळेत सगळ्या विषयांची मिळून लिहिली नव्हतीस.

तर तू फाडायलाच निघाला होतास. आणि आमानं हात पुढं केला, "परदेशी तिकीट आहे म्हणजे काइलाचं आहे, आण इकडं." चष्मा मागितला. श्वास घेत घेत वाचलं, मधे थांबून परत वाचलं. तू दाराला टेकून उभा होतास. मी तिच्या मरणावर बोललो होतो, आणि ती जिवंतपणी वाचत होती. देवा. मला वाटलं होतं पत्र पोहोचेपर्यंत... जाऊ दे.

"हा पोरगा वाह्यात आहे," असं म्हणाली ना? "पण एवढं बरोबर बोलला. त्याच म्हाताऱ्याला बोलाव."

तुझे काका भडकले. "भाउजू, तो तुला अर्ध्यात सोडेल!"

"सोडू दे. मला इथं स्वयंपाकघराची पायरी चढवत नाही. अर्ध्यापर्यंत नेलं तरी पुष्कळ झालं."

हे मी रुदलला सांगितलं. तो हसला आणि मग तोंड फिरवून बसला. त्याची आई गेली तेव्हा तो इथंच होता.

जेठ महिन्याच्या उन्हात आमा गेली, आणि ठुलबा खाली आला, बसमध्ये ओकत, सुकदिदीचा हात धरून. काकांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तू विचारलंस. आणि थाळी कुणी घेईना, तर तू घेतलीस. तुझे हात गिटारचे, ठेका तुला कधीच धरता आला नाही. पहिल्या खिंडीलाच तू पुढं धावलास आणि ठुलबानं गाणं न थांबवता डोळे मिटूनच तुला झापलं, "ए बाबू, हळू. बाई दमेकरी आहे." मग तू हळू वाजवलंस. सगळं घर हळू झालं, लिहितोस. काकासुद्धा. प्रत्येक गावाला तो थोडा थांबत होता, तिला दम खाऊ देत. वर पोहोचायला ऊन कललं.

आणि मग तो आला. तेच गाव, तीच खिंड, तीच नदी, उलटी. तू लिहितोस की जिथं तू टेप तोडली होतीस ते नाव आलं तेव्हा तुला वाटलं आता तो इथंच थांबणार. नाही थांबला. तिथून पुढं उतरला. साँगुरीची चढण, मग तुमचा मोहल्ला, तुमचं अंगण. डोळे उघडले आणि म्हणाला, "मीठ द्या." चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून बसून राहिला.

टेप लावली नव्हतीस हे तू मोठ्या मनानं लिहिलंयस. बरं केलंस. पण मी ते आता कधीच ऐकणार नाही, एवढं लक्षात ठेव.

सुकदिदीचंही कार्ड आलं. वरच्या आळीत एक जण गेला, आणि त्यांनी ठुलबाला बोलावलं. पोटऱ्यांचं तेल संपलं ते तिनं परत आणलं नाही. तू बँड मोडलास, अॅम्प विकला, तिसरी कॅसेट नाही, हेही कळलं. मासिकवाल्यानं मुलाखत मागितली तर तू काय सांगितलंस? "आमचा ड्रमवाला परदेशात आहे." पुढच्या कॅसेटवर माझं नाव देणार होतास म्हणे. आता पुढची कॅसेटच नाही.

आणि ते शेवटचं पान.

मीठ जिभेवरून विरघळल्यावर त्यानं इकडंतिकडं बघितलं. तुला म्हणाला, "तू आलास. मी आलो. त्या वेळी थाळी वाजवणारा कुठंय? तोही माझ्यासोबत वर होता."

तू म्हणालास, "तो मलेशियात आहे, ठुलबा."

"ते मला सांगू नको. मी त्याला उतरताना शोधला. मला दिसला नाही." मग उठताना तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दार लोटून ठेव, कडी घालू नको. येईल."

आणि तू त्या दिवसापासून आमाच्या घराच्या दाराला कडी घालत नाहीस. मोहल्ल्यातली कुत्री आत येऊन चुलीपाशी झोपतात. काका शिव्या देतात. दशैंच्या सणाला यायचा आहेस ना, असं विचारलंयस.

दाजू, माझी इथली मुदत या असारातच संपत होती. तुझं पत्र यायच्या आधीच्या शुक्रवारी साहेबानं नवा कागद पुढं केला. दोन वर्षं. त्यानं जबरदस्ती केली नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. जायचंय का, विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि घरी जाऊन काय करायचं ते काही केल्या आठवेना. कुठला बँड, कुठलं घर. वर आठराईत दिदी आणि ठुलबा सोडले तर मला कोण ओळखतं. धरानात आमा होती. मी सही केली. रुदलचं मात्र तिकीट आलंय, तो जातोय, वॉकमन मला ठेवून.

तुझं पत्र आठवडाभर आधी आलं असतं तर, असं मी लिहिणार होतो. मग वाटलं, आलं असतं तरी मी सही केली असती.

ठुलबाला एवढं सांगू नकोस. त्याला सांग, मी बरा आहे, खातोपितो. आणि तू रोज त्या कुत्र्यांना हाकलत बसू नकोस, दाजू. आमाचं घर आहे ते, तिला स्वच्छ लागायचं. आज रात्री कडी घालून घे.

तुझा
काइला